दाद मागायची कोणाकडे?

‘जालना, सोने का पालना’ ही उक्ती मराठवाड्यात आजही अभिमानाने सांगितली जाते. या पाळण्याची दोरी पिढ्यान्‌पिढ्या व्यापाऱ्याच्या शब्दाला बांधलेली होती. मालाविषयी तक्रार असली की ग्राहक दुकानाची पायरी चढून येई. गादीवरचे शेठजी त्याचे म्हणणे ऐकून घेत, मुनीमजी खातेवही उघडून नोंद दाखवीत आणि पुष्कळदा चहा संपण्याआधीच तंट्याचा निकाल लागे. निकाल कधी मनासारखा होई, कधी होत नसे; पण आपले ऐकून घेतले गेले, एवढे समाधान घेऊन दोघेही उठत.

आज सदर बाजारापासून मोंढ्यापर्यंत व्यवहाराचा मोठा भाग हातातल्या फोनवर आला आहे. सळईचा दिवसाचा भाव, बियाण्यांच्या नव्या वाणांची माहिती, साड्यांच्या नव्या मालाची छायाचित्रे, मोसंबीच्या गाडीचे वजन, उधारीची आठवण, सारे व्हॉट्सअ‍ॅपवरून जाते. नवा ग्राहक दुकान शोधतो तो गूगलच्या नकाशावर आणि आत पाऊल टाकण्याआधी वाचतो ती तेथे लिहिलेली इतरांची मते. अशा दुकानाचे खाते एखाद्या सकाळी अचानक बंद झाले, तर केवळ एक सोय जात नाही. चालू मागण्या, भावाबद्दल झालेले बोलणे, उधारीची लेखी कबुली आणि वर्षानुवर्षे जोडलेली गिऱ्हाइके एकदम हाताबाहेर जातात. अशा वेळी पायरी चढून जावे अशी पेढी मात्र समोर नसते. कंपनी सातासमुद्रापलीकडची, निर्णय बहुधा यंत्राचा आणि उत्तर ठरावीक साच्याचे.

वीस लाख खाती आणि दोनशे चार अर्ज

ही व्यथा किती मोठी आहे, याचा अंदाज एका अहवालावरून येतो. केंद्र सरकारच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना दरमहा अहवाल प्रसिद्ध करणे बंधनकारक केले. व्हॉट्सअ‍ॅपने दिलेल्या पहिल्याच अहवालानुसार १५ मे ते १५ जून २०२१ या एका महिन्यात भारतातील सुमारे २० लाख खाती बंद करण्यात आली. त्याच काळात कंपनीच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्याकडे एकूण ३४५ तक्रारी पोहोचल्या. त्यांपैकी खाते बंद केल्याविरुद्धच्या होत्या केवळ २०४ आणि कार्यवाही झाली ती ६३ खात्यांबाबत.

बंद झालेली सर्व खाती निर्दोष होती, असे कोणी म्हणणार नाही. त्यांतील ९५ टक्क्यांहून अधिक खाती स्वयंचलित किंवा घाऊक संदेश पाठविल्यामुळे बंद झाल्याचे कंपनीने तेव्हा सांगितले होते. त्यांत फसवणूक करणारे पुष्कळ असणार. तरीही ज्यांच्यावर चुकून कारवाई झाली, अशा प्रामाणिक माणसांपैकी कितीजणांना तक्रार अधिकारी नावाची व्यक्ती अस्तित्वात आहे हे ठाऊक होते, हा प्रश्न उरतोच.

घाऊक संदेशांचा मुद्दा व्यापारी कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरील मजकूर कंपनीला वाचता येत नाही. त्यामुळे तिचे यंत्र मजकुराऐवजी वागणुकीवर नजर ठेवते. अल्पावधीत किती संदेश गेले, ज्यांना गेले त्यांनी हा क्रमांक जतन केला आहे का, किती जणांनी तो अवरोधित केला किंवा त्याविरुद्ध तक्रार नोंदवली, यांवरून ते संशय घेते. दिवाळीच्या शुभेच्छा, नव्या दुकानाचे निमंत्रण किंवा संवत्सरीच्या दिवशीचे ‘मिच्छामि दुक्कडम्’ एकाच बैठकीत शेकडो अनोळखी क्रमांकांवर पाठविणारा श्रावक त्या यंत्राला जाहिरातबाजासारखाच दिसण्याचा संभव असतो. क्षमायाचना आणि जाहिरात यांतला भेद त्याला कोण सांगणार?

चिन्ह दिसते, अर्थ दिसत नाही

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांसारख्या उघड्या माध्यमांवर यंत्र चित्रे आणि शब्दही तपासते. तेथे होणाऱ्या चुका अधिक बोलक्या आहेत. व्हिएतनाम युद्धातील बॉम्बहल्ल्यातून विवस्त्र धावणाऱ्या बालिकेचे १९७२ मधील छायाचित्र युद्धाच्या क्रौर्याची साक्ष म्हणून जगभर ओळखले जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये फेसबुकने ते नग्नतेच्या नियमाखाली काढून टाकले. निषेध म्हणून नॉर्वेच्या पंतप्रधानांनी ते स्वतःच्या पानावर टाकले, तर त्यांचाही मजकूर काढण्यात आला. जगभर टीका झाल्यावर कंपनीने निर्णय फिरवला.

आपल्याकडेही २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले. त्यांच्या पानाच्या माथ्यावर १९३६ मधील एक जर्मन छायाचित्र होते. जहाज-कारखान्यातील सारी गर्दी हिटलरच्या पद्धतीने हात उंचावून सलामी देत असताना हाताची घडी घालून उभा राहिलेला एकटा कामगार त्यात दिसतो. हुकूमशाहीला दिलेला नकार दाखविणारे हे चित्र द्वेषाचे प्रतीक ठरविले गेले आणि हेगडे यांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले.

हा प्रश्न जैन घराच्या उंबरठ्यापर्यंत येतो. वहीपूजनाच्या दिवशी पहिल्या पानावर काढले जाणारे आणि मंदिरात अक्षतांनी रेखले जाणारे स्वस्तिक हे सातवे तीर्थंकर भगवान सुपार्श्वनाथ यांचे लांछन आहे. त्याच्या चार भुजा देव, मनुष्य, तिर्यंच आणि नरक या चार गतींचे स्मरण देतात. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवानिमित्त १९७५ मध्ये सर्व पंथांनी स्वीकारलेल्या जैन प्रतीकातही ते आहे. पण जर्मनीतील नाझी पक्षाने १९२० मध्ये त्यासारखाच आकार आपल्या ध्वजावर घेतला आणि पाश्चात्त्य जगात तो आकार संहाराची खूण झाला. रेषा मोजणाऱ्या यंत्राला दोहोंत साम्य दिसते, हजारो वर्षांच्या अर्थाचे अंतर दिसत नाही. दिगंबर मुनींच्या विहाराच्या छायाचित्राचेही तसेच. दिगंबरत्व हा अपरिग्रहाचा परमोच्च आविष्कार आहे, हे जाणणारा मनुष्य ज्या भावनेने ते चित्र पाहतो, ती भावना नग्नतेच्या नियमात लिहिलेली नसते.

तरीही हा भेद शब्दांत मांडणे अशक्य नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हाच्या सार्वजनिक प्रदर्शनावर बंदी घालणारा कायदा केला. त्याच कायद्यात हिंदू, बौद्ध आणि जैन परंपरेतील स्वस्तिकाला स्पष्ट सूट देण्यात आली. कायदा करणाऱ्यांनी त्या त्या समाजांचे म्हणणे विचारात घेतले, म्हणून हे शक्य झाले.

भाषेचा प्रश्नही असाच आहे. फेसबुकच्या वादग्रस्त निर्णयांची फेरतपासणी करण्यासाठी स्थापन झालेल्या देखरेख मंडळासमोर २०२१ मध्ये भारतातील एका पंजाबी चित्रफितीचे प्रकरण आले. ती चुकीने काढली गेली होती आणि कोविडकाळातील अपुऱ्या मनुष्यबळामुळे वापरकर्त्याच्या फेरविचाराच्या विनंतीकडे पाहिलेच गेले नव्हते. मंडळाने कंपनीला एक साधी शिफारस केली: आपले नियम पंजाबी भाषेत उपलब्ध करून द्या. ज्या नियमाने शिक्षा होते, तो शिक्षा भोगणाऱ्याला वाचता यावा, ही अपेक्षा मराठी वापरकर्त्याचीही आहे.

दुसरी बाजू

अनेकांताचा संस्कार असलेल्या समाजाने या वादाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावात मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षुकांना ठार मारले. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. ती मर्यादा त्रासदायक वाटली तरी तिच्यामागे पाच माणसांच्या जिवाची किंमत आहे. अहिंसा मानणाऱ्याला नियंत्रण नकोच, असे म्हणता येणार नाही.

म्हणून आक्षेप नियंत्रणाला नाही. न ऐकता दिलेल्या निकालाला आहे. आरोप काय ते सांगावे, उत्तर देण्याची संधी द्यावी आणि चूक झाली असेल तर ती मान्य करून सुधारावी, एवढीच अपेक्षा आहे. जालन्याच्या पेढ्यांवर ही रीत कोणत्याही लेखी नियमाविना पाळली जात होती.

कायद्याने उघडलेली दारे

ही रीत काही अंशी आता कायद्यातही आली आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अधिसूचित झालेल्या नियमांनुसार भारतात ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यम कंपनीने भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमला पाहिजे आणि त्याचे नाव व संपर्क आपल्या संकेतस्थळावर दिला पाहिजे. तक्रारीची पोच २४ तासांत आणि निवारण १५ दिवसांत, अशी मुदत त्या वेळी घालून देण्यात आली. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात. म्हणून तक्रारीच्या दिवशी लागू असलेली मुदत पाहून घ्यावी. मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला, तर त्याचे कारण वापरकर्त्याला कळवून आक्षेप घेण्याची वाजवी संधी देण्याचे बंधनही त्यात आहे.

तक्रार अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान झाले नाही, तर पुढची पायरी आहे तक्रार अपील समितीची. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने तिची तरतूद झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा तीन समित्या नेमल्या. निर्णय कळल्यापासून ३० दिवसांच्या आत अपील करता येते आणि समितीनेही ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे नियम सांगतो. सारे कामकाज संगणकावरून चालते; त्यासाठी जालन्याहून दिल्लीला जावे लागत नाही.

तक्रार लिहिताना व्यापाऱ्याने हिशेबाची शिस्त पाळावी. खात्याचा क्रमांक, बंद झाल्याची तारीख व वेळ, पडद्यावर आलेल्या सूचनेचे छायाचित्र, आपली बाजू आणि नेमकी मागणी एवढे मोजक्या शब्दांत मांडावे. आलेली पोच जपून ठेवावी, कारण अपिलात तोच पुरावा ठरतो. ‘खाते सुरू करून देतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून आणि इंटरनेटवर सापडणाऱ्या बनावट मदत क्रमांकांपासून दूर राहावे. अशा प्रकारात पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

आपली वही आपल्या घरी

दाद मागण्याची वेळच येऊ नये, यासाठी काही खबरदारी आपल्या हाती आहे. गिऱ्हाइकांची नावे आणि क्रमांक फोनबाहेर, स्वतःच्या वहीत किंवा संगणकात असावेत. उधारीची कबुली केवळ संदेशात न ठेवता बिलावरही घ्यावी. दुकानासाठी व्हॉट्सअ‍ॅपचे व्यवसायासाठीचे अधिकृत अ‍ॅप वापरावे. जादा सोयींचे आमिष दाखविणारी नकली अ‍ॅप कंपनीच्या नियमांविरुद्ध असल्याने त्यांच्यामुळेही खाते बंद होते. शुभेच्छा पाठवायच्या तर ओळखीच्यांनाच पाठवाव्यात. संवत्सरीची क्षमायाचना तर दहाच जणांना फोन करून, त्यांचा आवाज ऐकून केली, तरी ती हजार संदेशांहून अधिक सार्थ होईल.

आणखी एक गोष्ट आपल्याकडून अपेक्षित आहे. शेजारच्या दुकानाविषयी खोटे मत लिहवून घेणे किंवा स्वतःच्या दुकानाची खोटी स्तुती लिहवून घेणे बाजारात किरकोळ चतुराई मानली जाऊ लागली आहे. सत्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ म्हणजे खोटे लिखाण करणे याची गणना शास्त्रकारांनी फार पूर्वीच केली आहे. त्यांच्यासमोर खोटी कागदपत्रे होती. आज त्यांच्या जागी चांदण्यांची खोटी खिरापत आली, एवढाच फरक. कंपनीकडे न्याय मागणाऱ्याचे स्वतःचे लेखन निर्मळ असले पाहिजे.

पिढ्यांपूर्वी आपल्या पेढीवर आलेल्या माणसाला तक्रार न ऐकता परत पाठविणे व्यापाऱ्याला कमीपणाचे वाटे. कोट्यवधी माणसांचे व्यवहार आपल्या छताखाली घेणाऱ्या कंपन्यांकडूनही त्याहून अधिक काही मागितले जात नाही. पण ते मिळवायचे तर कायद्याने ठेवलेल्या दारापर्यंत जाऊन, पुराव्यासह, आपले नाव लिहून मागावे लागेल. न मागितलेल्या दादेची नोंद कोणत्याही वहीत होत नाही.