कोयना खोऱ्याचा जुना नकाशा

महाबळेश्वरी उगम पावलेली कोयना सह्याद्रीच्या कण्यास समांतर अशी सुमारे ६५ किलोमीटर दक्षिणेस वाहते, हेळवाकपाशी एकाएकी पूर्वेस वळते आणि कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते. धरणापूर्वी हे खोरे कसे होते, ते भारतीय सर्वेक्षण खात्याच्या ‘एक इंचास एक मैल’ या प्रमाणाच्या जुन्या नकाशावरून कळते.

प्रथम तपकिरी रेषा पाहाव्यात. एका रेषेवरील सर्व जागा समुद्रसपाटीपासून सारख्याच उंचीवर असतात, आणि लगतच्या दोन रेषांच्या उंचीत ५० फुटांचा फरक असतो. यावरून उतार काढणे अवघड नाही. अर्ध्या इंचात अशा दहा पायऱ्या भरल्या, तर अर्ध्या मैलात, म्हणजे २६४० फुटांत, ५०० फूट चढ झाला. शंभर फुटांस सुमारे १९ फूट. अशा जमिनीत औत धरणाऱ्यास याहून अधिक सांगावयास नको.

कोयनेच्या दोन्ही अंगांस या रेषा एकमेकींस खेटून आहेत. नदीकाठी आणि ओढ्यांच्या मुखांशी मात्र त्या विरळ होतात. भाताची खाचरे होण्याजोगी सपाट जमीन काय ती एवढीच.

आता २१५० फुटांची रेषा बोटाने गिरवावी. धरण १९६४ मध्ये पूर्ण झाले. शिवसागर जलाशय काठोकाठ भरला म्हणजे पाण्याची पातळी सुमारे २१६३ फूट असते. अर्थात या रेषेच्या आत, नदीच्या बाजूस, जे जे दाखविले आहे ते सर्व पाण्याखाली जाते. विरळ रेषा आत गेल्या, दाट रेषा बाहेर राहिल्या. किती जमीन बुडाली हे दप्तरात सापडते. कोणत्या प्रतीची बुडाली, हे पाहावयाचे तर नकाशाच उघडावा लागतो. कित्येक कुटुंबे दूरच्या जिल्ह्यांत गेली. जी डोंगर चढून वर राहिली, त्यांच्या वाट्यास नाचणी-वरीची वरकस जमीन आली, आणि तेथील माती पावसाबरोबर खाली जलाशयात उतरते.

म्हणूनच बांधबंदिस्तीच्या कामी असा नकाशा जवळ असावा. ज्या ठिकाणी रेषा चढाकडे टोक करून वळतात, तेथे ओढा किंवा घळ समजावी. उताराकडे टोक असेल तर ती डोंगराची सोंड होय. परंतु दोन रेषांमधील लहान घळी नकाशात येत नाहीत. बांधाची आखणी शेतात लेव्हल लावूनच करावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नंतरच्या, दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर या प्रमाणाच्या नकाशांत दोन रेषांमधील अंतर सामान्यतः २० मीटर, म्हणजे सुमारे ६५ फूट, असते. तेथे सवयीने ५० फूट धरल्यास उतार आहे त्याहून कमी भरेल.