पानाच्या डोण्यातून बाटलीत

मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' ठरवून २०२२ मध्ये धोरण आणलं आणि लेबल लावलेल्या बाटल्या शहरांत आल्या. आदिवासींच्या हाती चार पैसे पडत असतील तर चांगलंच. पण त्या बाटलीसोबत 'परंपरा' विकली जाते, तेव्हा गडचिरोलीत काढलेली नव्वदच्या दशकातली वर्षं आठवतात आणि राग येतो.

नव्वदच्या आधीच्या दारूच्या कायद्यांच्या इतिहासात एकच सूर आहे. मुंबई इलाख्यातला १८७८ चा अबकारी कायदा, तिथलाच १८९२ चा मोहफुलांवरचा कायदा, १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा: फुलं गावाची, हुकूम सरकारचा.

१९९३ मध्ये गडचिरोलीत दारूबंदी झाली. त्यामागे कित्येक वर्षांचं आंदोलन होतं, गावोगावच्या बाया त्यात पुढे होत्या. त्यांचं म्हणणं खरंच होतं. नवऱ्याची मजुरी दारूच्या दुकानात जायची आणि मार घरी यायचा.

पण मोहाची दारू पिण्याचे गोंड-माडिया गावांत कडक रिवाज होते. पळसाच्या पानाचा डोणा भरला की गायता, म्हणजे गावचा पुजारी, आधी दोन-चार थेंब जमिनीवर सांडायचा, पेनाच्या म्हणजे देवाच्या आणि पूर्वजांच्या नावाने. मग डोणा म्हाताऱ्यांकडे जायचा आणि तिथून पुढे फिरायचा. सोयरीक जुळली की दोन्हीकडची माणसं एकत्र बसून प्यायची. भांडण मिटलं की दंडाची दारू पंचांसमोर सगळ्यांनी प्यायची; त्यानंतर तो विषय पुन्हा काढायचा नाही. पिणं सणाला, लग्नाला, मरणाला, आणि तेही चारचौघांत.

ठेकेदाराच्या दुकानाने हे सगळं मोडलं. रोख पैसे टाका, एकट्याने प्या, रोज प्या. बंदीनंतर छापे पडले तेव्हा मात्र मी पाहिलं ते म्हातारीच्या झोपडीतलं मडकं फुटताना. चोरून येणारी बाटली सुखरूप पोचत राहिली. देवाची दारू आणि धंद्याची दारू यांतला फरक छापे घालणाऱ्या साहेबलोकांना समजून घ्यायचाच नव्हता. ते मी अजून विसरलेलो नाही.

आदिवासी क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्याने नशेच्या पदार्थांवर बंदी घालायची की नियमन करायचं, हे ठरवण्याचा हक्क ग्रामसभेला दिला. तो हक्क मनापासून मानणारे अधिकारी मला फार थोडे भेटले. आता गोटुलात, गावाच्या सामायिक घरात, बसून रिवाज सांगणारे म्हातारे गेले. 'हेरिटेज'च्या बाटलीने फूल उचललं, बंधनं मागेच राहिली.

परंपरेची खरोखर चाड असेल, तर किती गाळायची, कधी प्यायची आणि कुणाला थांबवायचं, हे गावाला ठरवू द्या. त्या ग्रामसभेत बायांचा शब्द शेवटचा असावा.