शाळेच्या परसबागेचं हिरवं कुंपण



आमच्या शाळेच्या परसबागेत मेथी, वांगी, दोडका आणि भोपळा आहे. ही भाजी पोषण आहाराच्या खिचडीत पडते. पण भाजी जशी आपल्याला आवडते, तशी शेळीलाही आवडते. शेळी हा फार हुशार प्राणी आहे. कुठे फट दिसली की आधी डोकं घालते, मग सगळी आत येते. म्हणून बागेला कुंपण पाहिजेच.

तारेचं कुंपण करायचं तर तार, खांब, सिमेंट सगळं विकत आणावं लागतं. शिवाय काटेरी तारेनं जनावरांच्या अंगाला जखमा होतात. बोरी-बाभळीच्या काट्यांची कुपाटी फुकट होते, पण तिला वाळवी लागते आणि पुन्हा पुन्हा नव्या फांद्या तोडाव्या लागतात. म्हणून गुरुजी म्हणाले, "आपण जिवंत कुंपण लावू. ते कुजत नाही, उलट वाढत जातं."

झाड कोणतं निवडावं?

आमच्या घरी दोन शेळ्या आहेत. गुरुजींनी मला सांगितलं, "तुझ्या शेळ्यांनाच विचारून ये." मी त्यांच्यापुढे एकेक पाला धरला. बोर, बाभूळ, शेवरी, सुबाभूळ त्यांनी लगेच खाल्लं. निरगुडीचा नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं. अडुळशालाही तोंड लावलं नाही. म्हणून आम्ही निरगुडी आणि अडुळसा निवडला. दोन्ही फांदीपासून येतात, म्हणजे रोपं विकत आणायला नकोत.

मोगली एरंडसुद्धा शेळ्या खात नाहीत. पण त्याच्या बिया विषारी असतात. लहान मुलं शेंगदाण्यासारख्या समजून खातात आणि त्यांना उलट्या-जुलाब होतात. आपल्या शाळेत पहिलीची मुलं आहेत, म्हणून तो नको. शेराचा चीक डोळ्यांत गेला तर फार आग होते, म्हणून शेरही नको. सुबाभळीचं बी सगळीकडे पडून उगवतं. ती लावली असती तर "कुंपणानेच शेत खाल्लं" अशी गत झाली असती.

फांद्या किती लागतात?

हे आम्ही परिमितीच्या गणितानं काढलं. बाग २० मीटर लांब आणि १० मीटर रुंद आहे. परिमिती ६० मीटर. फाटकाला १ मीटर सोडला, राहिले ५९ मीटर. एका मीटरला ३ फांद्या, म्हणजे एका ओळीत १७७. बाहेरची ओळ निरगुडीची, आतली अडुळशाची. दोन ओळींना ३५४ फांद्या झाल्या. तिसरी-चौथीची आम्ही ३० मुलं. प्रत्येकानं १५ आणल्या, म्हणजे ४५० झाल्या. उरलेल्या ९६ फांद्या कोपऱ्यातल्या वाफ्यात लावून ठेवल्या. निरगुडी आम्ही ओढ्याकाठून आणली. एका झुडपाच्या तीन-चारच फांद्या घ्यायच्या, झुडूप बोडकं करायचं नाही.

लावायचं कसं?

१) आर्द्रा नक्षत्राचा पाऊस पडून जमीन चांगली भिजली की लावावं.
२) एक फूट रुंद, एक फूट खोल चर खणावा. त्यात माती आणि शेणखत मिसळून भरावं. आम्ही घरून एकेक घमेलं शेणखत आणलं.
३) फांदी पेन्सिलीपेक्षा जाड आणि हातभर लांब घ्यावी. खालचं टोक तिरपं कापावं, वरचं सरळ. मग उलटी लावली जात नाही.
४) फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळाव्या आणि त्याच दिवशी लावाव्या.
५) वीतभर भाग मातीत घालून पायानं माती दाबावी. दोन्ही ओळींतल्या फांद्या समोरासमोर नको. बाहेरच्या दोन फांद्यांच्या मध्ये आतली एक यावी, म्हणजे फट राहत नाही.

राखायचं कसं?

शेळी निरगुडी खात नसली तरी तुडवते. म्हैस तर अंग घासते. म्हणून बाहेरून एक हात अंतरावर काट्यांची कुपाटी केली आहे. ही दोन वर्षं ठेवायची. तिला वाळवी लागेल तोवर आतलं कुंपण मोठं होईल.

बुडाशी पालापाचोळा टाकला की ओल टिकते आणि गवत कमी येतं. पाऊस संपल्यावर आम्ही तांदूळ आणि भाजी धुतलेलं पाणी तिथे ओततो.

फांद्या गुडघ्याएवढ्या झाल्या तेव्हा गुरुजींनी शेंडे छाटले. आम्हाला वाईट वाटलं. पण शेंडा छाटला की बाजूचे डोळे फुटतात आणि झाड खालूनच दाट होतं. शेंडा ठेवला तर झाड उंच जातं आणि खाली शेळीला वाट मिळते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही मोजलं. ३५४ पैकी २९१ जगल्या होत्या, ६३ वाळल्या होत्या. येत्या पावसाळ्यात वाफ्यातली रोपं काढून या नांग्या भरायच्या आहेत.

फायदे

निरगुडीला जांभळी फुलं आली की मधमाश्या येतील. त्याच मधमाश्या भोपळ्याच्या फुलांवर जातील आणि भोपळे जास्त धरतील. मुळांमुळे बागेची माती पावसात वाहून जाणार नाही. छाटलेला पाला खताच्या खड्ड्यात जातो. निरगुडीचा वाळलेला पाला आजी धान्याच्या कणगीत घालते, म्हणजे किडे कमी लागतात. अडुळशाचा काढा खोकल्यावर देतात.

आता महत्त्वाचं सांगते. कुंपणाचा पहिला उन्हाळा सगळ्यांत कठीण असतो. मे महिन्यात शाळा बंद असते, पण कुंपणाला सुट्टी नसते. त्याला आठवड्यातून दोनदा पाणी पाहिजे. आम्ही फळ्याशेजारी पाळीचा तक्ता लावला आहे. पालकांनो, आपल्या मुलाची पाळी असेल त्या दिवशी त्याला एक कळशी घेऊन पाठवा. आणि कुपाटीच्या काट्या सरपणाला नेऊ नका. एक काटी काढली की तिथूनच शेळी येते.

आमच्या शाळेत चौथीपर्यंतच वर्ग आहेत. जूनमध्ये आम्ही दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊ. म्हणून तिसरीच्या मुलांनो, नांग्या तुम्ही भरा आणि शेंडे छाटायला विसरू नका. अजून एक वर्ष आपण कुंपण राखायचं, मग ते बाग राखील.

इयत्ता ४ थी