गाण्यापूर्वी गायकाने काय प्यावे?

दिल्लीत मैफल कमानी सभागृहात असो की एखाद्या लहानशा बैठकीत, गायकाच्या सामानात थर्मास हा बहुधा असतोच. त्यात कोणी कोमट पाणी ठेवतो, कोणी आल्याचा चहा, तर कोणी ज्येष्ठमधाचा काढा. असा घोट घेताच गळा मोकळा होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गिळलेले कोणतेही पेय स्वरतंतूंना स्पर्श करीत नाही. गिळताना स्वरयंत्रावरचे झाकण मिटते आणि घोट त्याच्या मागील अन्ननलिकेत उतरतो. चुकून एखादा थेंब स्वरयंत्रात शिरलाच, तर ठसका लागतो.

मग पाण्याचा उपयोग काय? काळी एक पट्टीत गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू मध्य षड्जावर सेकंदाला सुमारे १३९ वेळा कंप पावतात. तार षड्जावर ही संख्या दुप्पट होते. हे घर्षण सुसह्य व्हावे म्हणून स्वरतंतूंवर पातळ ओलसर थर असतो. शरीरात पाणी कमी पडले की तो थर दाट व चिकट होतो, आणि तोच स्वर काढण्यास फुप्फुसांतील हवेचा अधिक दाब लागतो. प्यालेले पाणी मात्र रक्तावाटेच तेथे पोहोचते आणि त्याला वेळ लागतो. म्हणून सायंकाळच्या मैफलीची तयारी सकाळपासून थोडे थोडे पाणी पिऊन करावी लागते. ऐन वेळी घेतलेले घोट तोंडाची व घशाची कोरड घालवतात, इतकेच.

दिल्लीत याचे महत्त्व अधिक आहे. मे-जूनमध्ये तेथील तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि कोरडी लू वाहते. हिवाळ्यात हीटरमुळे बंद खोलीतील हवा कोरडी होते. त्यात धुराची भर पडते. अशा वेळी साध्या वाफेचा ओलावा श्वासावाटे थेट स्वरतंतूंपर्यंत जातो.

इतर पेयांविषयी तारतम्य हवे. बेताच्या चहाने शरीर कोरडे पडत नाही. मात्र ज्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, त्यांच्या घशाशी कडक चहाने आंबट येऊ शकते. दुधाने कफ वाढत नाही, पण लाळ दाट झाल्यासारखी वाटते. ज्येष्ठमध घशाला आराम देते. ते नित्य व फार घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो. मद्याने संकोच जातो, तसाच स्वरावरील ताबाही सुटतो.

सर्वांत घातक म्हणजे घसा बधिर करणारी औषधे. वेदना ही शरीराने दिलेली सूचना होय. ती दडपून गायल्यास सुजलेल्या स्वरतंतूंतील सूक्ष्म रक्तवाहिनी फुटू शकते आणि मग अनेक दिवस मौन पाळावे लागते. घसा बसला असेल, तर कोणतेही पेय विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही.