टपाचा पासंग

वेल्सच्या समुद्रकाठच्या तळावर आमची कॅम्पर व्हॅन पोचली तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. पारा चार अंशांवर. मावसभावानं टपाचे पट्टे सोडले, आतून दोन्ही तळवे लावले आणि टप वर ढकलला. उजवी बाजू वर गेली, डावी अर्ध्यावर थबकली. हात काढताच अख्खा टप सावकाश खाली बसला.

"दादा, मी बाहेरून रेटू का?"

"नको रे, सांधे वाकतील."

वरचा बिछाना काही मिळाला नाही. चौघं खालीच एकमेकांना खेटून झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी छान ऊन पडलं. दादानं सहज ढकलून पाहिलं, तर टप सुळकन वर गेला आणि वरच राहिला. मधल्या वेळात कुणी एक स्क्रूही पिळला नव्हता. वहिनी म्हणाली, "रात्री रुसला होता, ऊन खाऊन उठला." थट्टेतलं हे वाक्य अक्षरशः खरं होतं, हे कळायला मला उरलेली दुपार लागली.

आधी हा उचलता टप म्हणजे काय ते सांगतो. गाडी चालताना बुटकी हवी आणि थांबल्यावर उंच हवी, असा हा हट्ट आहे. फोक्सवॅगनची अलीकडची कॅलिफोर्निया व्हॅन टप मिटल्यावर जेमतेम १.९९ मीटर उंच भरते, कारण युरोपातल्या कित्येक पार्किंगांच्या दारात दोन मीटरच्या आसपास आडवा दांडा असतो. इंग्लंडात फोकस्टनच्या मार्टिन वॉल्टर कंपनीनं 'डॉर्मोबाइल' गाड्यांवर एका कुशीला बिजागरी असलेला टप बसवला. तो उघडला की पट्ट्यापट्ट्यांची कनात बाहेर येई, आणि गाडीला एकदम जत्रेतल्या तंबूची कळा येई. दादाच्या गाडीचा टप मात्र मागच्या बाजूला बिजागरीवर आहे. पुढची बाजू कात्रीसारख्या सांध्यांवर उघडते आणि दोन्ही कडांना एकेक काळी नळी आहे.

ही नळी तुम्ही पाहिलेली आहे. मोटारीची डिकी उघडून धरते ती हीच. ऑफिसच्या खुर्चीत बसल्यावर हलकासा झोका देते ती हिचीच बहीण. आत दाबून भरलेला नायट्रोजन आणि थोडं तेल असतं. दांडीच्या टोकाला दट्ट्या. आता गंमत पाहा. या दट्ट्याला मुद्दाम भोक ठेवलेलं असतं! वायू इकडून तिकडे आरामात जातो, म्हणजे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंना दाब सारखाच. मग ढकलतं कोण?

ढकलतो तो दट्ट्याच्या दोन बाजूंमधला फरक. एका बाजूला दट्ट्याचं अख्खं तोंड वायूला मिळतं. दुसऱ्या बाजूला मधली जागा दांडीनं अडवलेली, तेवढं तोंड कमी. दांडी बाहेर लोटली जाते ती या फरकाच्या जोरावर, आणि तो फरक असतो फक्त दांडीच्या जाडीएवढा. आठ मिलिमीटर जाडीची, म्हणजे शिसपेन्सिलीएवढी दांडी धरा. तिचा काप अर्धा चौरस सेंटिमीटर. आतला दाब बाहेरच्या हवेच्या शंभरपट, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे शंभर किलो. हिशेब झाला: पन्नास किलोचा रेटा, तोही पेन्सिलीच्या टोकातून. विजेची तार नाही की मोटर नाही. वर्षानुवर्षं हा जोर नुसता दबा धरून बसलेला असतो. म्हणूनच ही नळी कधी कापू नये, भोसकू नये, आगीत टाकू नये.

आता उन्हाकडे येऊ. कोंडलेल्या वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो आणि उतरतो, पण मोजायचं शून्य अंशापासून नव्हे. निरपेक्ष शून्यापासून, म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजायचं. रात्रीचे चार अंश म्हणजे २७७, दुपारी उन्हात तापलेल्या टपाखाली बावीस अंश धरले तर २९५. दाबातला फरक सहा-साडेसहा टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. पण दोन नळ्या मिळून टपाला सत्तर किलोचा हात देत असतील, तर गारठ्यात त्यातले चार-साडेचार किलो गायब. टप आणि नळ्या यांचा तोल आधीच काठावर आलेला असेल तर एवढं पुरतं. तराजूचं पारडं झुकायला चिमूटभर धान्य लागतं, तसंच हे.

मग तोल काठावर आणला कोणी? पहिली संशयित डावी नळी. दादानं तिच्या दांडीवरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटावर काळसर, चिकट तेलाची रेघ होती. उजवी दांडी आरशासारखी कोरडी. तेल बाहेर येतंय म्हणजे सील थकलं, आणि सील थकलं की तेलाच्या मागोमाग वायूही निसटतो. टप वाकडा उठत होता त्याचं कारण हेच. तरी नवी नळी एकच आणून चालत नाही. नवी आणि जुनी अशी जोडी केली की टप पुन्हा तिरका ओढला जातो. बदलायच्या तर दोन्ही, आणि तेव्हा टपाला खालून भक्कम टेकू हवा.

दुसरा संशयित वर चढून बसला होता. उन्हाळ्यात दादानं टपावर सौर पॅनेल डकवलं होतं. नळ्या निवडल्या गेल्या त्या टपाच्या मूळ वजनावर. त्यांना या पाहुण्याची खबरच नव्हती.

तिसरा संशयित भूमितीतला. टप मिटलेला असताना नळी जवळपास आडवी झोपलेली असते. दहा अंशांच्या कोनात पन्नास किलोच्या रेट्यातला नऊ किलोसुद्धा वरच्या दिशेला मिळत नाही. पंचेचाळीस अंशांत पस्तीस मिळतात. म्हणून सुरुवातीचा धक्का नेहमी माणसानं द्यायचा असतो. तो जड लागला तर बिघाड नसतो. अर्ध्यावर उठलेला टप हाताला जड लागला, तर मात्र कान टवकारावेत.

चौथी संशयित हवा, आणि हिच्यावर कुणी बोट ठेवत नाही. दारं-खिडक्या घट्ट लावून टप उचलला की आतला दाब उतरतो. दाबात हजारात एका भागाचा फरक पडला, तरी दोन चौरस मीटरच्या टपावर वीस किलोचं अदृश्य ओझं बसतं! टप मिटताना उलटा प्रकार होतो. कोंडलेली हवा कनातीला बाहेर फुगवते आणि कापड कडेत चिमटतं. उपाय फुकटचा आहे: एक दार उघडं ठेवा.

महागड्या गाड्यांत बटण दाबलं की पंप तेल ढकलतो आणि टप उठतो. तिथं बिघाड कानांनी शोधावा. बटण दाबून पूर्ण शांतता असेल, तर फ्यूज, उतरलेली बॅटरी किंवा गाडीचं एखादं सुरक्षा-कुलूप पाहावं. पंप घुमतोय पण टप जागचा हलत नाही, तर तेल कमी पडतंय किंवा झडप गळतेय. रात्री उठलेला टप पहाटेपर्यंत बोटभर उतरला, तर झडपेवर संशय पक्का.

आमच्याकडे बटण नव्हतं आणि नव्या नळ्या गावाकडे परतल्यावरच मिळणार होत्या. उरलेल्या दोन रात्रींसाठी दादानं टप दुपारीच उचलून ठेवला आणि डाव्या बाजूला मापून कापलेला लाकडी दांडका उभा केला. टपाचं ओझं नळ्यांवरच होतं, दांडक्यावर नव्हतं. वर बोटभर फट होती. मी वरच्या बिछान्यावर जागा पडून होतो. कनातीबाहेर समुद्र गाजत होता, गारठा वाढत होता. अकराच्या सुमारास डोक्याशी हलकेच 'टक्' झालं. नळ्यांतला वायू आखडला होता, आणि कमी पडलेले चार किलो दांडक्यानं उचलले होते.