खुराड्यातली वाघीण

'वॅगन' हा शब्द आपल्याकडच्या मालधक्क्यावर आला आणि हमालांच्या तोंडी त्याची वाघीण झाली. खताच्या वाघिणी लागल्या, कांद्याला वाघिणी मिळेनात, असं आपण पेपरात वाचतो आणि कुणीही दचकत नाही. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या बंद पडलेल्या रेल्वेच्या वाघिणी पुढे शेतावर गेल्या आणि कोंबड्यांची खुराडी, अवजारांच्या खोल्या, जळणाच्या कोठ्या होऊन राहिल्या. बंद पडली म्हणून रेल्वे पुसली गेली नाही, याचं बरंचसं श्रेय त्या कोंबड्यांना द्यायला हवं.

विस्कॅसेट हे शीपस्कॉट नदीकाठचं छोटं बंदर. तिथून पाचेक मैल आत अल्ना हे गाव आणि त्याच्या हद्दीत शीपस्कॉट स्टेशन. इथले रूळ एकमेकांपासून फक्त दोन फुटांवर, म्हणजे आपल्या नेरळ-माथेरान गाडीचंच माप. पण माथेरानची गाडी हौशी माणसं डोंगरावर नेणारी, तर ही पोटापाण्याची. लाकूड, बटाटे, दूध, गवत, जे पिकेल आणि तोडलं जाईल ते बंदरावर आणायचं, एवढंच हिचं काम.

हिच्या नावाची कथा गमतीची आहे. १८९५ मध्ये धावू लागली तेव्हा नाव होतं विस्कॅसेट अँड क्वेबेक. कॅनडातलं क्वेबेक गाठायचं होतं. बर्नहॅमला मेन सेंट्रल या मोठ्या रेल्वेचे रूळ आडवे आले, त्या कंपनीने ओलांडू दिलं नाही आणि क्वेबेकचा विषय तिथेच संपला. मग १९०१ मध्ये नवं नाव आलं : विस्कॅसेट, वॉटरविल अँड फार्मिंग्टन. त्यातल्या फार्मिंग्टनला गाडी कधी गेलीच नाही. वॉटरविलसमोर नदीच्या अलीकडे विन्स्लोला जाऊन ती थांबली. तीन गावांपैकी खरं निघालं ते एक, जिथून ती सुटायची ते. शेवटी उरला तो विस्कॅसेट ते अल्बियन हा सुमारे ४४ मैलांचा मार्ग.

विस्कॅसेटच्या धक्क्यावर सगळा माल उतरवून हाताने मोठ्या रेल्वेच्या डब्यात भरावा लागे. आपल्याकडे कुर्डुवाडीला बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेचा माल बदलताना ज्यांनी पाहिला, त्यांना यातली कटकट वेगळी सांगायला नको. या कटकटीत एक मुद्दा दडलेला आहे. मोठ्या गेजची वाघीण देशभर फिरते. आज इथे, महिन्याने हजार मैलांवर. दोन फुटीच्या वाघिणीला आपले रूळ सोडून कुठे जाताच येत नाही. जन्मभर ती त्याच चार तालुक्यांत खडखडत राहते. म्हणून रेल्वे मेल्यावर तिचा शोध घ्यायचा, तर नकाशा फार मोठा लागत नाही.

मरण आलं ते १५ जून १९३३ रोजी. व्हाइटफील्डजवळ सकाळच्या गाडीखाली रूळ तुटला आणि आठ नंबरचं इंजिन घसरलं. ते उचलून पुन्हा रुळावर ठेवण्याइतके पैसे कुणाकडे नव्हते. मंदीचे दिवस, वर रस्त्यावर ट्रक आलेले. रेल्वेचा तेव्हाचा मालक फ्रँक विंटर हा लाकडाचा व्यापारी. बंदरातून लाकूड बाहेर पाठवायचं आणि परतीला कोळसा आणायचा, या बेताने त्याने आदल्याच वर्षी चार डोलकाठ्यांची दोन जहाजं विकत घेतली होती, 'हेस्पर' आणि 'ल्यूथर लिटल'. गाडी गेली आणि जहाजंही गेली. विस्कॅसेटच्या चिखलात ती दोन्ही कुजत पडली आणि पाहायला पर्यटक येऊ लागले. १९९८ मध्ये राहिलेला सांगाडा उचलून नेला तोवर गावाची ओळख म्हणजे तेच सांगाडे. माणसं जहाजाच्या सांगाड्याचे फोटो काढतात, पण मालडब्याचा फोटो काढायला कोण जातो? इंजिनाला भक्त असतात, साध्या डब्याला नसतात.

मग वाघिणी वाचल्या कशा? भंगारवाल्याला हवं होतं लोखंड. रूळ, चाकं, आस तो घेऊन गेला. उरली लाकडी पेटी, सुमारे २८-३० फूट लांब आणि साडेसहा फुटांच्या आसपास रुंद. छप्पर शाबूत, बाजूला सरकतं दार, पाऊस आत येत नाही. शेतकऱ्याला याहून काय हवं? चार दगडांवर ठेवली, एका बाजूला खिडकी कापली, आत कोंबड्यांसाठी दांड्या बांधल्या की झालं. पुढची पन्नास वर्षं छपरावर नवं पत्र्याचं आवरण चढत राहिलं, कारण कोंबड्या भिजल्या तर नुकसान होतं. जतन कसलं, ही फक्त गरज होती. मला मात्र संग्रहालयाच्या काचेपेक्षा हीच राखण जास्त भरवशाची वाटते.

शोधणारा माणूस अशा खोपटाभोवती फिरतो तेव्हा छपराकडे पाहत नाही, खाली वाकतो. जुन्या लाकडी वाघिणीच्या पोटाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड लोखंडी सळया ताणलेल्या असतात. मधल्या भागात त्या खाली उतरतात, तिथल्या पेचाच्या कड्या पिळल्या की वाकलेला तळ पुन्हा वर येतो. कोंबड्यांसाठी कुणी अशा सळया लावत नाही. मग टोकाला हातब्रेकच्या दांड्याची भोकं, दाराच्या वरची सरकपट्टी, कोपऱ्यांवरच्या लोखंडी पट्ट्या. रंगाचे थर खरवडले आणि नशीब बरं असलं तर खाली एखादा आकडा लागतो. आकडा लागला की खुराडं संपतं आणि वाघीण सुरू होते.

अल्नाला आता या रेल्वेचं संग्रहालय आहे. त्याची सुरुवात १९८९ मध्ये हॅरी पर्सिव्हल यांनी केली, तेव्हा तिथे रूळ नव्हते, फक्त भराव होता आणि त्यावर वाढलेली झाडं. पण कुणीतरी आधीच शहाणपणा केला होता. १९३७ मध्ये, रेल्वे मोडीत निघत असताना, दोन रेल्वेवेड्यांनी नऊ नंबरचं इंजिन, थोडे रूळ आणि मालडबे उचलून कनेक्टिकटमधल्या एका शेतावर नेऊन ठेवले होते. पोर्टलंड कंपनीने १८९१ मध्ये बांधलेलं हे इंजिन तिथे जवळपास साठ वर्षं छपराखाली उभं राहिलं. १९९५ मध्ये ते शीपस्कॉटला परतलं आणि पुढे २०१६ मध्ये वाफेवर चालू लागलं. ११८ नंबरची सपाट वाघीण आणि ३०९ नंबरची बंद वाघीण, या त्या जुन्या रेल्वेच्या अस्सल मालडब्यांपैकी. आज रूळ साडेतीन मैलांच्या आसपास पोचलेत, तेही बहुतेक स्वयंसेवकांच्या हातांनी. वसंतात आणि शरदात ठरलेल्या दिवशी लोक येतात, फावडी उचलतात, स्लीपर टाकतात आणि सोमवारी आपापल्या नोकरीवर जातात.

वाघिणी वाचण्याची दुसरी वाट दक्षिणेला मॅसॅच्युसेट्सला गेली. एलिस डी. अ‍ॅटवूड या क्रॅनबेरीच्या बागाइतदाराने १९४१ मध्ये मेनच्याच ब्रिज्टन अँड हॅरिसन या दोन फुटी रेल्वेचा सरंजाम घेतला. बागेत वाळू आणि फळं वाहायला तो कामी यावा, असा हिशेब होता. नावाच्या आद्याक्षरांवरून जागा झाली एडाव्हिल. पण गाडी पाहायला गर्दी झाली, तेव्हा सपाट वाघिणींवर बाकं ठोकली आणि तिकिटं फाडली. बाकं मूळची नव्हेत, हे शुद्धतावाद्यांना आजही खटकतं. पण बाकांमुळेच त्या वाघिणी मोडल्या गेल्या नाहीत. पुढे १९९३ मध्ये त्यातला मोठा भाग मेनला, पोर्टलंडच्या संग्रहालयात परत आला.

खरी पंचाईत दुरुस्तीत असते. खुराड्यातून आणलेल्या पेटीची खालची लाकडं कुजलेली असतात. तुळया बदलल्या, फळ्या बदलल्या, मग राहिलं काय मूळचं? राहिलं लोखंड. बोल्ट, सळया, बिजागऱ्या आणि माप. कारागीर कुजलेली तुळई बाजूला ठेवतात ती टाकायला नव्हे. तिच्यावरच्या खाचा मोजून नवी तुळई कापायची असते. पेटी हाताशी नसेल तर जुन्या आराखड्यांवरून नव्या वाघिणी बांधायच्या.

आपल्या बार्शी लाइटच्या वाघिणींचं काय झालं असेल, असा विचार इथे आल्याशिवाय राहत नाही. त्यांचे सांगाडे ती रेल्वे उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅल्थ्रॉपने इंग्लंडातल्या लीड्समधून दाबलेल्या पोलादाचे करून घेतले होते. आसामागे पाच टनांची मर्यादा, चार आसांवर वीस टन. हलक्या, पक्क्या आणि काळाच्या पुढच्या. पण पोलादाला तराजूवर भाव मिळतो, आणि भाव मिळणारी गोष्ट कोंबड्यांपर्यंत पोचत नाही. मेनची लाकडी पेटी भंगारवाल्याने नाकारली म्हणून टिकली. पंढरपूर, लातूर, मिरज या वाटेवरच्या एखाद्या वाड्यामागे, बाभळीखाली, पत्र्याचं खोपट दिसलं, तर एकदा खाली वाकून पाहायला हरकत नाही.