बोलीसर्वेक्षणातील वाहनाचा प्रश्न : मोटारघर, एस. टी. आणि गावातील मुक्काम

बोलींच्या अभ्यासासाठी बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावली कशी तयार करावी, निवेदक कसे निवडावेत, ध्वनिमुद्रण कसे करावे, ह्याविषयी आपल्या अभ्यासक्रमात पुष्कळ सांगितले जाते. गावापर्यंत जावे कसे आणि रात्री राहावे कोठे, हा प्रश्न मात्र किरकोळ व्यवस्थेचा समजून ज्याच्या त्याच्यावर सोपविला जातो. अलीकडे ह्या प्रश्नास एक नवे उत्तर सुचविले जाऊ लागले आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली पर्यटनासाठी कॅरॅव्हॅन धोरण जाहीर केले, आणि निजण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेली मोटार ही केवळ परदेशातील चैन आहे, ही समजूत मागे पडली. अशा वाहनास प्रस्तुत लेखात ‘मोटारघर’ म्हटले आहे. दीर्घकाळच्या क्षेत्रकार्यासाठी असे एखादे मोटारघर विभागाने का घेऊ नये, असे काही विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. नांदेड व लातूर ह्या दोन जिल्ह्यांपुरता त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. हा प्रश्न सोयीचा किंवा खर्चाचा तर आहेच. परंतु त्याहून अधिक तो पद्धतीचा आहे. अभ्यासक ज्या वाहनातून गावात उतरतो त्या वाहनावरून गाव त्याची ओळख ठरविते, आणि त्या ओळखीस साजेल अशी भाषा त्याच्याशी बोलते.

पूर्वीच्या सर्वेक्षणांत हा प्रश्न कसा सोडविला गेला, हे पाहणे उद्बोधक आहे. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात तो उद्भवलाच नाही. उधळ्या पुत्राची कथा, एखादा स्थानिक उतारा आणि शब्द व वाक्ये ह्यांची ठरावीक यादी, एवढी सामग्री शासकीय अधिकाऱ्यांमार्फत गोळा केली गेली; सर्वेक्षकाने गावोगाव हिंडावे अशी ती योजनाच नव्हती. मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. परंतु मद्रास इलाखा आणि हैदराबाद व म्हैसूर ही संस्थाने ह्या सर्वेक्षणातून वगळलेली असल्यामुळे निजामी राज्यातील मराठवाड्याची बोली त्यात प्रत्यक्षपणे नोंदली गेली नाही. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून प्रसिद्ध केलेल्या बोलीसर्वेक्षणाच्या मालेचा भर प्रामुख्याने कोकणावर व किनारपट्टीवर होता. अलीकडे राज्य मराठी विकास संस्था व डेक्कन कॉलेज यांनी हाती घेतलेल्या सर्वेक्षणाने ही उणीव बरीच भरून काढली असली, तरी तालुक्यातालुक्यांतील सूक्ष्म भेदांचे काम आपल्याच विद्यार्थ्यांनी करावयाचे आहे. म्हणून वाहनाचा प्रश्न आपल्याला टाळता येत नाही.

युरोपात झिलिएरों यांच्या फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी एदमों नावाच्या गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुमारे चार वर्षे भ्रमंती करून ६३९ ठिकाणांची सामग्री आणली. व्यवसायाने वाणी असलेला हा मनुष्य तीक्ष्ण कानाचा होता. त्याने सायकलवरून फ्रान्स पालथा घातला, असे भूभाषाविज्ञानाची पाठ्यपुस्तके सांगतात. सायकलवाल्याचे कोणास भय वाटत नाही. तो गावाच्या बरोबरीचाच दिसतो. मात्र एकट्याने एवढी ठिकाणे हिंडावयाची म्हणजे प्रत्येक ठिकाणी मुक्काम थोडा, हे ओघानेच आले.

मोटारघराचा खरा दाखला अमेरिकेतील आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक कॅसिडी यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन प्रादेशिक इंग्रजीच्या कोशाचे काम सुरू झाले, तेव्हा १९६५ ते १९७० ह्या काळात क्षेत्रकार्यकर्त्यांना झोपण्याची सोय असलेल्या मोटारी देण्यात आल्या. त्यांना कौतुकाने ‘शब्दगाड्या’ म्हणत. त्यांच्या साहाय्याने १,००२ वस्त्यांतील २,७७७ निवेदकांकडून सोळाशेहून अधिक प्रश्नांची उत्तरे मिळविण्यात आली, आणि त्यांतून सिद्ध झालेल्या कोशाचे पाच खंड १९८५ ते २०१२ ह्या काळात प्रकाशित झाले. मोटारघर बोलीसर्वेक्षणास निरुपयोगी आहे, असे म्हणण्यास म्हणूनच जागा नाही. परंतु तेथे ते यशस्वी का झाले, हे पाहिले पाहिजे. त्या देशात दोन वस्त्यांमधील अंतरे मोठी. एका कार्यकर्त्यास महिनेच्या महिने एकट्याने फिरावयाचे. फितींवर ध्वनिमुद्रण करणारी यंत्रे अवजड. आणि खेड्यापाड्यांना जोडणारी सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी. ह्या चारही कारणांमुळे चाकांवरचे घर ही तेथे गरज ठरली.

आता आपली भूमी पाहू. नांदेड जिल्ह्यात सोळा आणि लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. किनवट व माहूर हा डोंगराळ, दूरचा भाग सोडला, तर बहुतेक गावे तालुक्याच्या स्थानकापासून तास-दीड तासाच्या टप्प्यात येतात. ध्वनिमुद्रकाचे यंत्र आज खिशात मावते. म्हणजे ज्या कारणांनी शब्दगाडीचा जन्म झाला, त्यांपैकी अंतराचे व ओझ्याचे ही दोन कारणे येथे बव्हंशी लागू पडत नाहीत.

उलट येथे काही निराळ्या अडचणी आहेत. मोटारघराच्या टाकीत शंभर-दीडशे लिटर पाणी तरी भरावे लागते. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले. ज्या प्रदेशाने ते दिवस पाहिले, त्या प्रदेशातील एखाद्या टँकरवर अवलंबून असलेल्या गावात उन्हाळ्यात जाऊन आपल्या स्नानासाठी टाकी भरून मागणे अभ्यासकास शोभणार नाही. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील शिवाररस्त्यांवर जड वाहन रुतते. उन्हाळ्यात पत्र्याच्या पेटीत दुपार काढणे कठीण होते. उरतो तो दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ. आणि नेमका तोच विद्यापीठीय सत्राचा व परीक्षांचा काळ असतो.

मोटारघराचे दोन गुण मात्र मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. एक, विद्यार्थिनींना मिळणारी सुरक्षितता व खाजगी जागा. अनोळखी गावी निवासाची व शौचालयाची सोय नाही म्हणून क्षेत्रकार्याचा विषयच सोडून देणाऱ्या विद्यार्थिनी मी पाहिल्या आहेत; ह्या अडचणीस हसून चालणार नाही. दुसरा गुण म्हणजे सीमेपलीकडील प्रवास. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेडमध्ये आला, तर मुधोळ नांदेडमधून आदिलाबादेत गेला. उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यातून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात आले आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात समाविष्ट झाले. प्रशासनाच्या रेषा बदलल्या. बोलींच्या रेषा त्यांच्याबरोबर लगेच सरकत नाहीत. देगलूर-मदनूर, देवणी-भालकी, धर्माबाद-बासर अशा जोड्यांचा अभ्यास करावयाचा, तर आठ-दहा दिवस सीमेच्या दोन्ही बाजूंना फिरावे लागते. भाड्याच्या मोटारीस परराज्यात शिरताना कर भरावा लागतो आणि चालकाच्या मुक्कामाची सोय पाहावी लागते. अशा फेरीस स्वतःचे, राहण्याजोगे वाहन उपयोगी पडेल.

तथापि मुख्य प्रश्न ह्याच्या पुढचा आहे. निरीक्षण होत नसताना लोक कसे बोलतात, हे आपल्याला जाणून घ्यावयाचे असते. परंतु ते निरीक्षणावाचून जाणता येत नाही. विल्यम लबॉव्ह यांनी १९७२ साली मांडलेला हा निरीक्षकाचा पेच प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतो. वाहन हा त्या पेचाचा पहिला आविष्कार आहे, एवढेच बहुधा लक्षात येत नाही. काही वर्षांपूर्वी देगलूर तालुक्यातील एका गावी मी दोन विद्यार्थ्यांसह भाड्याच्या जीपने गेलो होतो. गाडी पारापाशी थांबताच पहिला प्रश्न आला, “साहेब, कोणत्या खात्याचे?” आम्ही पीकविम्याच्या पाहणीस आलो, असा समज झाला. दोघे-तिघे सातबाऱ्याचे उतारे घेऊन आले. खुलासा केल्यावर ते निराश झाले आणि तरीही सौजन्याने बोलले. पण बोलले ते अर्जाच्या मराठीत. दोन तासांच्या ध्वनिमुद्रणात ‘करतो आहे’, ‘करण्यात येते’ अशी रूपे भरपूर मिळाली. ‘करायलो’, ‘करायलाव’, ‘करूलालो’ ह्या ज्या अपूर्ण क्रियारूपांच्या शोधार्थ आम्ही गेलो होतो, त्यांपैकी एकही मिळाले नाही.

पुढच्या महिन्यात त्याच गावी मी एकटा मुक्कामी एस. टी. ने गेलो. तालुक्याहून संध्याकाळी निघून रात्री गावात थांबणारी आणि पहाटे परत फिरणारी ही गाडी मराठवाड्यातील वाचकास परिचित आहे. ह्या वेळी पहिला प्रश्न निराळा होता : “कुणाकडं आलात?” खात्याची विचारणा आणि नात्याची विचारणा ह्यांतील अंतर हेच ह्या लेखाचे सार आहे. ज्यांच्या ओटीवर रात्र काढली त्या घरी जेवताना, कापसाच्या भावाविषयी शेजाऱ्याशी चाललेल्या वादात, आमची सर्व रूपे एका तासात ऐकू आली. त्या वादाचे ध्वनिमुद्रण अर्थातच केलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी हेतू समजावून, अनुमती घेऊन त्याच मंडळींना पुन्हा बोलते केले. आणि आदल्या रात्री ऐकलेले असल्यामुळे काय विचारावे हे आता ठाऊक होते.

मुक्कामी गाडीचे महत्त्व केवळ ओळखीपुरते नाही. दिवसा गावात जाणाऱ्या अभ्यासकास भेटतात ते दिवसा गावात असणारे लोक : दुकानदार, निवृत्त शिक्षक, पुढारी. ज्यांची भाषा हवी ते शेतात असतात. मुक्कामी गाडी मात्र शेतकरी परततो त्या वेळी पोचते. दिवसाच्या जीपने गोळा केलेला नमुना आणि रात्रीच्या मुक्कामात गोळा केलेला नमुना हे एकाच गावाच्या दोन निरनिराळ्या थरांचे नमुने असतात. ते एकत्र मिसळून ‘गावाची बोली’ म्हणून सादर करणे ही गंभीर चूक होय.

एस. टी. चा प्रवास हेही श्रवणाचे क्षेत्र आहे. २०२२ साली ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विनामूल्य प्रवास आणि २०२३ साली सर्व स्त्रियांना निम्मे भाडे लागू झाल्यापासून म्हाताऱ्या स्त्रिया लेकीच्या गावी, बाजाराला, देवाला सहज जाऊ लागल्या आहेत. जुने बोलीशास्त्र ज्या न हिंडलेल्या, वयोवृद्ध, ग्रामीण निवेदकाचा शोध घेत असे, तो आता शेजारच्या आसनावर बसलेला आढळतो. आणि म्हणूनच त्याला ‘न हिंडलेला’ मानावे काय, हा नवा प्रश्न उभा राहतो. मात्र गाडीत कानावर पडलेले बोलणे हा केवळ संकेत समजावा. अनुमतीवाचून ती सामग्री होत नाही.

इतर पर्यायांविषयी थोडक्यात सांगता येईल. मुदखेडहून भोकर, किनवटमार्गे आदिलाबादकडे आणि लातूर रोडहून उदगीरमार्गे बीदरकडे जाणारे लोहमार्ग सीमाभागासाठी उपयुक्त आहेत. परंतु देगलूर, बिलोली, मुखेड, कंधार ही गावे लोहमार्गावर नाहीत. मोटारसायकल तांड्यांपर्यंत पोचते, तिचे गावाला नवल वाटत नाही, आणि किनवट भागात गोंडी, कोलामी व बंजारा भाषकांच्या वस्त्यांवर जाण्यास तीच सोयीची. मात्र रात्रीचा प्रवास टाळावा. भाड्याची जीप वृद्ध निवेदकास आणण्या-नेण्यासाठी ठेवावी, सामग्रीसंकलनासाठी नव्हे.

मोटारघर जेथे उपरे वाटणार नाही असे एक ठिकाण मात्र ह्याच जिल्ह्यात आहे, ते म्हणजे लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. मार्गशीर्षात तेथे घोड्यांचा व गाढवांचा बाजार भरतो, भटक्या जमाती कुटुंबकबिल्यासह पाले ठोकून राहतात. जेथे सारेच वाटेवरचे घर घेऊन आलेले असतात, तेथे अभ्यासकाचे चाकांवरचे घर हे आणखी एक पाल ठरते. अनेक जिल्ह्यांतील भाषक एका माळावर भेटत असल्यामुळे तेथे काही दिवस सलग राहण्याची सोय असणे हा खरा लाभ आहे.

ह्या सर्व विवेचनावरून पुढील व्यवस्था सुचवावीशी वाटते. विभागाने मोटारघर विकत घेऊ नये. सीमाभागातील फेरी व माळेगावची यात्रा ह्यांपुरते ते भाड्याने घ्यावे. नित्याच्या कामासाठी तालुक्यापर्यंत एस. टी. किंवा रेल्वे, पुढे शक्य तेथे मुक्कामी गाडी, आणि प्रत्येक गावी किमान तीन रात्रींचा मुक्काम असा नेम ठेवावा. विद्यार्थिनींनी जोडीने जावे, आणि त्यांच्या निवासाची सोय शिक्षिका, आशा कार्यकर्त्या किंवा माजी विद्यार्थिनी यांच्या घरी विभागाने आधी पत्र पाठवून करावी. ही जबाबदारी एकट्या विद्यार्थिनीवर टाकू नये. यजमानावर खर्चाचा भार पडणार नाही, हेही पाहावे.

शेवटची सूचना सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत महत्त्वाची आहे. आपल्या नोंदपत्रिकेत निवेदकाचे वय, शिक्षण, जात, व्यवसाय ह्यांचे रकाने असतात. त्यांत अभ्यासकाविषयीचे तीन रकाने वाढवावेत : गावात कोणत्या वाहनाने आला, कोणत्या वेळी पोचला, रात्री कोठे राहिला. पुढे एखाद्या प्रबंधात ‘ह्या गावी हे रूप आढळत नाही’ असे विधान वाचावयास मिळाले, तर ते रूप गावातच नव्हते की जीपच्या आवाजाने दबले होते, हे त्या तीन रकान्यांवरून पुढच्या अभ्यासकास पारखता येईल.